रिकामी गेलेली टोपली

आमच्या जिन्यावर कुणी चढू लागलं की रिहाबला पावलांवरून कळायचं, ते तिच्याकडचं आहे की नाही. शहरातली माणसं सरळ चढतात. गावाकडच्या बायका प्रत्येक मजल्यावर थांबतात, कठड्याला धरून ‘या रब’, देवा रे, म्हणतात, डोक्यावरची टोपली सावरतात आणि पुन्हा निघतात. खालून ‘या रब’ ऐकू आलं की समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं व्हायचं. रिहाब डोकावायची, आत जायची, परत यायची, आणि मग चेहऱ्यावर हसू आणून दार पूर्ण उघडायची. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडते. त्यामुळे ते हसूही मला दिसायचं आणि त्याच्या आधीचा चेहराही.

तो फ्लॅट माझ्या जावेचा. ती कुवेतला असते, भाड्याचं मी बघते. इथल्या, नाईलकाठच्या असिऊत शहरातल्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना खाटेच्या हिशोबाने देतो. त्या वर्षी दोघी होत्या. मल्लवी गावची कॉप्टिक ख्रिस्ती मार्तीना तिसऱ्या वर्षाला, आणि रिहाब पशुवैद्यकीच्या पहिल्या वर्षाला. रिहाबचं गाव सोहागच्या बाजूला, दीड तासावर. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं नाही, म्हणून ती आमच्याकडे आली. सोबत एक ट्रंक, दोन उशा आणि बापाची एक अट.

ती अट तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितली, गॅसची टाकी कशी बदलायची ते विचारायला आली तेव्हा. तिचे वडील शाझली कांदा पिकवतात. घरात एक म्हैस, चार पोरं. पोरीला शहरात पाठवायचं म्हटल्यावर थोरले काका हम्माम भर बैठकीत म्हणाले होते, “पोरगी शहरात, पैसा नदीत.” शाझलींनी सगळ्यांसमोर उत्तर दिलं, “महिन्याला दोन हजार पाऊंड देईन. त्यात भागवेल. महिना संपायच्या आत तिने एक पाऊंड जरी मागितला, तर त्याच दिवशी ट्रंक उचलून घरी आणीन.” बैठकीत बोललेला शब्द. तो गिळता येत नाही.

“मग भागव,” मी म्हटलं.

“भागवतेय, अब्ला,” ती म्हणाली. अब्ला म्हणजे ताई. बोलताना हातातला पाना एकीकडून दुसरीकडे नेत होती. ही मुलगी कधी स्वस्थ बसली आहे असं मला आठवतच नाही.

तिची पद्धत चांगली होती. भावाच्या जुन्या गलाबियाच्या, पायघोळ अंगरख्याच्या, कापडाच्या पाच पुरचुंड्या शिवून तिने दाराआड खिळ्यांना टांगल्या होत्या. एक खाटेच्या भाड्याची, एक मायक्रोबसची, एक नोट्सच्या झेरॉक्सची आणि प्रयोगशाळेच्या सामानाची, एक खाण्याची. पाचवी अडीनडीची, आणि ती बहुतेक वेळा खिळ्याला चिकटून असायची. पहिल्या तारखेला मायक्रोबसचा ड्रायव्हर पाकीट आणून द्यायचा, ती उभ्या उभ्या वाटणी करायची आणि लगेच भाडं माझ्या हातात ठेवायची. मार्तीना तिला म्हणायची, “तू आमच्यात ये. वर्षाचे निम्म्याहून जास्त दिवस उपास. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. एवढं स्वस्त बजेट दुसऱ्या कुठल्या धर्मात नाही.”

“आणि उपास सुटल्यावर तू कोंबडी खातेस ती?”

“ती बाबा पाठवतात. बाबांचा उपास कडक असतो, माझा ढिला.”

पहिला महिना बरा गेला. मग गावाला कळलं की रिहाबचा पत्ता विद्यापीठाच्या दवाखान्यापासून पायी पाच मिनिटांवर आहे.

आधी एक चुलतवहिनी आली, दिवस राहिलेली, तपासणीला. मग मूतखड्याचा शेजारी आणि त्याची बायको. मग हात मोडलेला पोर, त्याची आई आणि आईची आई. सगळे सकाळच्या पहिल्या गाडीने येणार, दवाखान्यात नंबर लावणार आणि मधल्या वेळात ‘दक्तूराकडे’ टेकणार. पहिल्या वर्षाला असली तरी गावात ती दक्तूराच, डॉक्टरीणबाई. एक बाई तर तपासणीहून येऊन तिला विचारत होती, “हे औषध मी घेऊ का, तूच सांग.” रिहाब म्हणाली, “खाला, मी अजून म्हशीपर्यंतसुद्धा पोचले नाही, बेडकावर आहे.”

येणारी कुणी रिकाम्या हाताने येत नसे. खजुराच्या पानांच्या टोपलीत उन्हात फुगवलेल्या शम्सी रोट्या, अंडी, जुनं खारट चीज, कधी कबुतरांची जोडी. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, मुलीची चैन आहे. पण आमच्याकडे टोपली भरून येते ती भरूनच परत जाते. रिकामी टोपली परत देणं म्हणजे त्या माणसाला सांगणं, पुन्हा येऊ नकोस. आणि गावाहून आलेल्या टोपलीत गावचीच वस्तू घालून कशी द्यायची? त्यात शहराचं काहीतरी हवं. संत्री, केळी, बस्बूसा मिठाईचा डबा, चांगल्या चहाची पुडी. म्हणजे टोपलीतून येत होतं ते खायचं, आणि जात होते ते रोख पैसे. रोट्यांचा ढीग साचून बुरशी धरायची आणि मायक्रोबसच्या पुरचुंडीत चिल्लर राहायची. मग ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजला चालत जायची. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला.

त्यात माझीही भर होती, हे मला उशिरा कळलं. मुलगी वाळतेय असं वाटून मी कधी भरलेल्या वांग्यांची, कधी भाताची ताटली पाठवायची. दोन दिवसांनी ताटली परत यायची. धुतलेली, पुसलेली, आणि तिच्यात चार पेरू, नाहीतर विकतचे बिस्किटांचे पुडे. मला वाटायचं, किती वळणाची मुलगी. एक दिवस खालच्या फख्रीच्या दुकानात ती पेरू परत ठेवताना दिसली. चार घेतले होते, भाव ऐकला, एक ठेवला, थांबली, आणि तो परत उचलला. ते पेरू माझ्या ताटलीसाठी होते.

त्या दिवसापासून मी तिला काहीही द्यायचं तर रोटीत गुंडाळून नाहीतर वर्तमानपत्रात द्यायला लागले. वर्तमानपत्र कुणी भरून परत करत नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. पेरू यायचे थांबले.

पाहुण्यांना वर्तमानपत्रात गुंडाळता येत नव्हतं. शिवाय परत गेलेल्या टोपल्या गावात बोलत होत्या. शाझलीची पोर कसं करते, काय काय देते, शहरात राहून माणसं विसरली नाही. हे सगळं हिंडत हिंडत शाझलींपर्यंत पोचायचं आणि फोनवर आवाज फुगलेला असायचा. डिसेंबरच्या शेवटी फोन आला तेव्हा ती माझ्याकडे मोलोखियाची पानं निवडायला बसली होती. म्हणजे उभी होती. बोलणं मला ऐकू येत होतं, शेतातली माणसं फोनवर शेताएवढ्याच आवाजात बोलतात.

“बस्बूसा दिलास म्हणे मूतखडेवाल्याला.”

“हो, बा.”

“दोन किलो संत्री दिलीस म्हणे हात मोडलेल्याच्या आईला.”

“हो, बा.”

“शाबास. मान वर केलीस माझी. हम्मामचं तोंड बंद झालं.” मग थोडं थांबून, “हाताशी उरतं आहे तर येत्या महिन्यापासून सतराशे पाठवतो. कांद्याची रोपं घ्यायची आहेत.”

ती फोन कानाला लावून तशीच. मी हाताने खुणावलं, बोल ना. तिने मान हलवली. “बरं, बा,” म्हणाली आणि फोन ठेवला.

“अगं, सांगायचं होतंस.”

“काय सांगू? उरत नाही म्हटलं की मागितल्यासारखंच झालं.” पानं तिने देठासकट भांड्यात टाकली होती. मी ती नंतर पुन्हा निवडली.

जानेवारीत परीक्षा. प्रयोगाच्या परीक्षेला स्वतःची चिरफाडीची पेटी लागते, कात्री, चिमटा, पाती, सगळं. आतापर्यंत ती मैत्रिणीची वापरत होती, पण परीक्षेत दोघींना एकदम लागणार. पेटीचे पैसे तिने कसे साठवले ते मला माहीत आहे. सकाळी ‘फूल’ची, म्हणजे शिजवलेल्या बाकल्याची, एक वाटी, बाकी दिवसभर शम्सी रोटी पाण्यात भिजवून चीजबरोबर. अंगात दोन स्वेटर, हीटर बंद. पेटी पुढच्या रविवारी घ्यायची असं ठरलं, आणि सोमवारी जिन्यात ‘या रब’ ऐकू आलं. प्रत्येक पायरीला एकदा.

हाज्जा बहिय्या. शाझलींची आत्या, घराण्यातली सगळ्यांत मोठी बाई. डोळ्यात मोतीबिंदू. एक दिवस तपासणी, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया, मग पट्टी काढेपर्यंत मुक्काम. टोपली भली मोठी, वर तुपाचा डबा.

हाज्जा बाई गोड होती. रिहाबच्या खाटेवर मांडी घालून बसायची आणि एका डोळ्याने सगळ्यांची माहिती काढायची. मार्तीनाला विचारलं, “तुझं लग्न कधी?”

“नवरा उपासाचं खाणारा मिळाला की, हाज्जा.”

“आमचा म्हातारा काहीही खायचा. तेच वाईट असतं.”

पण हाज्जाला मऊ लागायचं, गरम लागायचं. चिकनचं सूप, लिंबू, डोळ्याचे थेंब, दवाखान्यापर्यंत टुकटुक, कारण तिला चालवत नव्हतं. पुरचुंड्या एकेक करून सपाट झाल्या. रिहाब खोलीतून जिन्यात, जिन्यातून माझ्याकडे, माझ्याकडून गच्चीवर. अभ्यासाची पानं हातात, पण एका जागी एक पान वाचलेलं मी पाहिलं नाही.

हाज्जा निघायच्या आदल्या संध्याकाळी तिघी माझ्या स्वयंपाकघरात होतो. टोपली धुऊन कोपऱ्यात ठेवलेली. हाज्जा पलीकडे झोपलेली.

“पेटीचे पैसे आहेत फक्त,” रिहाब म्हणाली. “टोपली भरली तर पेटी नाही. पेटी नाही तर प्रयोगात नापास.”

“मग टोपली नको भरू,” मार्तीना म्हणाली.

“बा गावात तोंड दाखवू शकणार नाही.”

“मी भरते,” मी म्हटलं. “घरात संत्री आहेत, बस्बूसा खालून मागवते. माझ्याकडून.”

ती पटकन म्हणाली, “नको, अब्ला.” आणि मग हळू, विचार करत, “तुम्ही भरलीत तर गावात जाईल, हाज्जालासुद्धा असं असं दिलं. मग पुढच्या महिन्यात बा पंधराशे पाठवेल. जितकं देते तितकं कमी येतं.”

मला पन्नाशीला आलेल्या बाईला जे दिसलं नाही ते तिने त्या थंडीत दोन स्वेटर घालून पाहिलं होतं.

“माग ना मग घरी,” मार्तीना म्हणाली. “सरळ माग.”

“मागितलं तर ट्रंक.”

सकाळी तिने हाज्जाला हात धरून खाली उतरवलं. टोपली रिकामीच होती, वर नुसतं फडकं झाकलेलं. हाज्जाने ती उचलली तेव्हा तिला वजन कळलंच असणार. सत्तर वर्षं टोपल्या उचललेली बाई. फडकं न उचलता तिने टोपली काखेत धरली आणि म्हणाली, “चल पोरी, गाडी चुकेल.” मायक्रोबसच्या थांब्यापर्यंत दुसरं काही बोलली नाही, असं रिहाब सांगत होती. “ओरडली असती तर बरं झालं असतं, अब्ला.”

रविवारी तिने पेटी घेतली. मग ती फोनची वाट पाहू लागली. सोमवारी आला नाही. मंगळवारी आला नाही. फोन पालथा ठेवायची, सुलटा करायची, बाथरूममध्ये न्यायची. मार्तीना म्हणाली, “त्याला एक नाडी बांध आणि गळ्यात घाल, म्हशीच्या घंटेसारखा.” बुधवारी आईचा फोन आला. बोलणं दोनच वाक्यांचं. टोपली हम्मामकाकांच्या बायकोने पाहिली. बा दोन दिवस बैठकीत गेलेला नाही.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर शाझली स्वतः आले. पावलं शहरातल्या माणसासारखी सरळ, कुठे न थांबता. म्हणून तिला कळलंच नाही. दार वाजलं तेव्हा ती ओल्या केसांनी होती. मार्तीना माझ्याकडे पळून आली, आणि तिच्यामागोमाग रिहाब, “अब्ला, तुम्ही या.”

उंच, काळेसावळे, वाळलेले. मला सलाम केला तो जमिनीकडे बघून, आणि हाक मारली ती रीतीप्रमाणे ‘नाजीची आई’ म्हणून. “उम्म नाजी, तुम्हाला त्रास झाला.” मग मुलीला, “ट्रंक कुठे आहे?”

ट्रंक खाटेखाली होती. तिने दाखवली नाही. “बा, जेवलास का?”

पाहुण्याला जेवण विचारलं की त्याला बसावं लागतं, मग तो बाप असला तरी. ती आत गेली आणि असलेलं मांडलं. शम्सी रोटी, पाण्याने मऊ केलेली. चीज. चहा, साखर फक्त त्यांच्या कपात. त्यांनी ताटाकडे पाहिलं.

“हे तर घरचंच आहे. इथलं काय खातेस?”

“हेच.”

“कांदासुद्धा नाही?”

“संपला.”

कांदा पिकवणाऱ्याच्या मुलीच्या घरी कांदा नाही, हे त्यांना टोपलीपेक्षा जास्त लागलं असावं. ते उठले. “मी आणतो.” खाली उतरून गेले. रिहाब मागे. मी आणि मार्तीना बाल्कनीत.

फख्री पेट्या लावत होता. शाझलींनी एक कांदा उचलला, साल चुरगाळून पाहिली.

“कुठला हा?”

“सोहागचा, हाज्ज. एक नंबर.”

“मी सोहागचा आहे.”

“मग घरूनच आणायचा होता.”

“कसा दिला?”

फख्रीने भाव सांगितला. शाझली हातातला कांदा बघत राहिले. त्यांनी शेतावर व्यापाऱ्याला ज्या भावाने दिला त्याच्या तिपटीहून वर होता तो. मग त्यांनी अंड्यांकडे बोट दाखवलं. फख्रीने तोही भाव सांगितला.

“डझनाला?”

“एकाला.”

“एक अंडं?”

“उकडून हवं असेल तर वेगळे पडतील.”

मग रोटी, मग फूल, मग टोमॅटो, मग संत्री. एकेका वस्तूवर बोट आणि एकेक भाव. घासाघीस केली नाही. संत्र्यांपाशी ते जास्त वेळ थांबले. मी वरून त्यांचं फक्त पागोटं पाहत होते, पण ते पागोटं हळूहळू खाली जात होतं.

वर आल्यावर त्यांनी दोन कांदे रोटीशेजारी ठेवले आणि बसले.

“मी दोन हजार कसे काढले माहीत आहे? माझ्या महिन्याला रोख काय लागतं ते धरलं. चहा, साखर, वीज, पंपाचं डिझेल. त्याच्यावर तुझं भाडं आणि गाडीचे. भाकरी कधी धरलीच नाही. भाकरीला पैसे लागतात हे डोक्यातच आलं नाही.” मग एकदम, “मला विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर तूच ट्रंक उचलली असतीस.”

रिहाब उभी होती. एका पायावरचं वजन दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचं पहिल्यावर. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

“शब्द दिला तो दिला,” शाझली शेवटी म्हणाले. “तू मागायचं नाहीस. कधीच नाही. पण दर महिन्याच्या मध्यावर मी येईन आणि मी विचारीन. बापाने विचारलेलं मागणं होत नाही.” त्यांनी कांदा मुठीने फोडला आणि अर्धा तिच्यापुढे सरकवला. “बस आता. डोळ्यांपुढे नाचू नको.”

ती बसली.

जाताना ते माझ्या दाराशी आले. पुन्हा जमिनीकडे बघत. “उम्म नाजी, एक मागू का? पाहुण्यांचं. मी गावाला सांगू शकत नाही की येऊ नका. माझी जीभ वळणार नाही. पण तुमच्या नावावर एक खोटं खपवलं तर चालेल का? की घरमालकीण भारी कजाग आहे. जिन्यात टोपली दिसली की पोरीला बाहेर काढीन म्हणते. म्हणून परवाची टोपलीसुद्धा तशी गेली.”

“खपवा, अबू दियाब,” मीही त्यांना त्यांच्या मुलाच्या नावाने हाक मारून म्हटलं. “मला तुमच्या वस्तीत कोण ओळखतं?”

मार्तीना पाठीमागून म्हणाली, “फार मोठं खोटंही नाही ते.”

पुढच्या महिन्यापासून पाकीट थोडं जाड झालं. फार नाही, रोपांचे पैसे होतेच. महिन्याच्या मध्यावर शाझली यायचे, पुरचुंड्यांपुढे उभे राहून एकेकीला हात लावून विचारायचे, ही कशाची, ही कशाची. प्रयोगात रिहाब पास झाली, चांगल्या मार्कांनी. जिना शांत झाला. गाव माझ्या भीतीने दवाखान्याच्या अंगणात बसू लागलं.

मे महिन्यात हाज्जा बहिय्या दुसऱ्या डोळ्यासाठी आली. आमच्याकडे नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सुनेबरोबर, चटई टाकून. रिहाबला वर्गात कुणीतरी सांगितलं. ती थर्मासमध्ये सूप घेऊन गेली आणि दिवेलागणीला परतली. माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

“कशी आहे हाज्जा?”

“चटईवर झोपली आहे. म्हणाली, टोपलीचं मनाला लावून घेऊ नको, तुझी ती बाई म्हणजे सैतान आहे असं ऐकलं. सगळा व्हरांडा ऐकत होता.” ती थांबली. “मला हो म्हणावं लागलं, अब्ला. नुसतं हो म्हणून भागेना. मग मीही तुम्हाला चार शिव्या घातल्या.”

“किती?”

“पुरतील एवढ्या,” ती म्हणाली. तिला हसू आलं नाही, मलाही नाही. थर्मास तिने एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “उद्या पट्टी काढतात. मी पहाटेच जाते.”